शब्दचर्चा: चांदणीची गोधडी, माया, उरेब आणि गोट

शिवणवही: संक्रांतीसाठी काळ्या कापडावर पांढऱ्या-पिवळ्या चांदण्यांचं पांघरूण शिवायची कृती मराठीत लिहायची आहे. नमुना अमेरिकी आहे, 'सॉटूथ स्टार'. सीम अलाउन्स, बायस, बाइंडिंग, बेस्टिंग यांना शिवणाऱ्यांच्या तोंडचे शब्द कोणते? आणि याला गोधडी म्हणायचं का?

कापडचोपड: शब्द शोधायला लांब जायला नको, शिंप्याकडे सगळे आहेत. सीम अलाउन्स, म्हणजे टिपेपलीकडे कडेला सोडलेलं कापड, ती माया. ब्लाऊज शिवायला टाकताना 'आत माया ठेवा' सांगतो तीच. बायस, म्हणजे धाग्याला तिरका काप, तो उरेब, बाइंडिंग, म्हणजे कडेला शिवायची पट्टी, तो गोट, बेस्टिंग म्हणजे थर तात्पुरते धरणारे कच्चे टाके, कापडाची रुंदी म्हणजे पन्हा. स्टारला चांदणी म्हणा. ब्लॉक, म्हणजे एक चांदणी असलेला जोडलेला चौकोन, मात्र ब्लॉकच राहू दे. 'घर' किंवा 'चौकट' लिहिलं तर वाचणारा अडखळेल.

मापं सुतात द्या. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून पाव इंच माया म्हणजे दोन सूत. कृतीत 'दोन सूत माया' लिहिलं की शिवणारीच्या हाताला लगेच कळतं.

माणदेश: गोधडी म्हणायला माझी हरकत आहे. गोधडीत जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरतात, वर ठिगळं ठेवतात आणि सगळे थर एकाच धावदोऱ्याने धरतात. ठिगळाची कड आत मुडपली की झालं, तिथे मायेचा हिशेब नसतो. चांदणीच्या कामात तुकडा तुकड्याला कडेने जोडतात आणि थर नंतर येतात. ते जोडकाम आहे. आमच्याकडे गोधडीला वाकळही म्हणतात, पण नव्या कोऱ्या कापडाच्या पांघरुणाला वाकळ कोणी म्हणणार नाही.

कापडचोपड: जोडकाम हा शब्द वरच्या थरासाठी चांगला आहे. पण तयार वस्तू अंगावर घ्यायची, तीन थरांची आणि टाक्यांनी धरलेली आहे. 'चांदणीची गोधडी' म्हटलं की चित्र डोळ्यांपुढे येतं. रजई म्हणू नका, रजईत पिंजलेला कापूस भरलेला असतो. दुलई त्याहून हलकी. दुपटं तर बाळाचं.

शिवणवही: मान्य. वरचा थर जोडकाम, पूर्ण वस्तू गोधडी. आता कृतीचा मसुदा तपासा. तयार ब्लॉक १२ इंचांचा. मधला चौकोन साडेसहा इंच, चांदणीच्या रंगाचा. टोकांसाठी त्याच रंगाचे साडेतीन इंचांचे ८ चौकोन. काळे आयत ४, साडेतीन बाय साडेसहा. कोपऱ्यांना काळे चौकोन ४, साडेतीनचे. आयताच्या टोकाला चौकोन ठेवून कर्णावर टीप घालायची, दोन सूत माया सोडून बाकीचं कापायचं, त्रिकोण उलटवायचा. दुसऱ्या टोकाला तसंच.

उभाधागा: मापं बरोबर आहेत. दोन गोष्टी घाला. टीप आखलेल्या कर्णावर घालू नका, दोऱ्याच्या जाडीइतकी बाहेर, म्हणजे कापून टाकायच्या कोपऱ्याच्या बाजूला घाला. कापड दुमडताना तेवढं खातं. आणि तयार तुकड्यात काळ्या त्रिकोणाचं टोक व कापडाची कड यांत बरोबर दोन सूत अंतर हवं. कमी पडलं तर मधला चौकोन जोडताना टोक टिपेखाली जातं आणि चांदणी बोथट दिसते.

माया अर्धा सूत जास्त गेली तरी दोन्ही बाजू धरून प्रत्येक टिपेला एक सूत कापड कमी होतं. ओळीत टिपा दोन, म्हणजे ब्लॉक पाव इंच लहान. सगळेच सारखे लहान झाले तर निभतं. काही साडेबारा आणि काही सव्वाबारा निघाले तर ओळी जुळत नाहीत. म्हणून पहिला ब्लॉक शिवून, इस्त्री करून मोजा. मायेसकट साडेबारा भरला पाहिजे.

माणदेश: काळ्यावर पांढरं आहे, तेव्हा माया कुठे वळवायची हे लिहाच. पांढऱ्याखाली काळी माया गेली की पट्टी वरून दिसते. माया काळ्या बाजूला वळवा. वळत नसेल तिथे काळी कड पांढरीपेक्षा अर्धा सूत आखूड कापा. इस्त्री दाबून उचला, घासू नका. त्रिकोणाची तिरकी कड उरेब असते, घासली की ताणते. काळं कापड आधी वेगळं धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं नाही तर पहिल्याच धुण्यात चांदण्या करड्या होतात.

शिवणवही: ५ बाय ६ असे ३० ब्लॉक, म्हणजे ६० बाय ७२ इंच. ४२ इंच पन्ह्याचं काळं कापड सव्वातीन मीटर धरलं आहे.

उभाधागा: जोडकामाला पुरेल. गोटाला आणखी अर्धा मीटर घ्या: अडीच इंची ७ पट्ट्या. कड सरळ असल्याने गोट उभ्या-आडव्या धाग्यावर कापला तरी चालतो. उरेब पट्टी गोलाईलाच लागते, इथे उगाच कापड वाया जाईल.

माणदेश: वरचे टाके कुठून सुरू करायचे तेही सांगा. गोधडीत काठाकडून आत फेऱ्या घालत येतात. भरणाचा थर असलेल्या या कामात मधून बाहेर जा, म्हणजे फुगा कडेकडे सरकत जाऊन निघून जातो. त्याआधी अस्तर, भरण आणि जोडकाम चार-चार बोटांवर कच्च्या टाक्यांनी धरा. अस्तर चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त ठेवा. भरण पांढरं असेल तर त्याचे तंतू काळ्यातून वर येतात, म्हणून काळं किंवा करडं भरण मिळालं तर तेच वापरा.

शिवणवही: आणि अष्टकोनी चांदणी, तिच्या तिरक्या तुकड्यांना काय म्हणू?

कापडचोपड: शंकरपाळं. ४५ अंशांची आठ शंकरपाळी मध्याला जुळवायची. पण ती वेगळी कृती करा. तिथे मध्यावर आठ माया एकत्र येऊन गाठ होते आणि कडेचे चौकोन कोनात बसवावे लागतात. नवशिक्याने आधी हीच चांदणी शिवावी.