सुपरवायझर म्हणजे फोन करणारा मुनीम?

कोरी_बिल्टी: काल इथे एका महाशयांनी पोरांना सल्ला दिला, "ट्रान्स्पोर्टात सुपरवायझर होऊ नका, 'कुठे पोचलास' विचारायचं काम आता जीपीएस करतो." दोन ओळींत उत्तर देणार होतो, जमलं नाही.

गाडी उभी आहे एवढंच जीपीएसला दिसतं. का उभी, हे सुपरवायझरला कळायला लागतं. भिवंडीहून नागपूरला निघालेला बत्तीस फुटी ट्रक घ्या. समृद्धीचेच 701 किमी, म्हणजे दिवसाला 200 किमीच्या हिशेबाने ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) चार दिवसांचं. शनिवारी पोचली, रविवारी गेट बंद, सोमवारी रांग. मुदत मध्यरात्री संपते आणि वाढवून मिळते ती फक्त संपण्याआधीच्या व नंतरच्या आठ तासांत, म्हणजे दुपारी चार ते सकाळी आठ. आठ वाजून गेले आणि गाडी अडवली, की दंडाची भाषा कराच्या दुप्पटीपासून सुरू होते. हे मुनीमकाम?

स्टेअरिंग_आधी: पोर्टल पाठ आहे, छान. पण ज्याने कसारा घाटात लोड गाडी उतरवली नाही, त्याने ड्रायव्हरवर हुकूम सोडू नयेत. तुमचे सुपरवायझर नागपूर बारा तासांत मागतात. समृद्धीवर जड गाडीला ताशी 80 ची मर्यादा. समृद्धी जिथे लागते त्या आमणेपर्यंतचं ट्रॅफिक, डिझेल, जेवण धरून सरासरी 50 पडली तर चौदा तास. 1961 च्या कायद्यापासून दिवसाचे तास आठ आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. एकच ड्रायव्हर द्यायचा, बारा तास मागायचे, वर डिझेलचोरीचा आळ!

हिशेबनीस: आळ कसला, आकडा आहे. 701 किमीला 175 लिटर, म्हणजे लिटरला 4 किमीचं ॲव्हरेज. तीच गाडी 185 पिते तेव्हा दहा लिटर गेले कुठे?

स्टेअरिंग_आधी: नोझलमध्ये गेले! निघताना पहिल्या कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद झाल्यावर, थांबवलं; पोचल्यावर गाडी हलवून गळ्यापर्यंत भरली. टाकी टू टाकीत, म्हणजे एका भरलेल्या टाकीपासून पुढच्या भरलेल्या टाकीपर्यंतच्या हिशेबात, तिथेच दहा लिटर चढतात आणि ॲव्हरेज 3.79 दिसतं. त्याच लोडच्या पाच फेऱ्या सलग धरा: 3,505 किमी, 885 लिटर, 3.96. भरण्याचा फरक पहिल्या आणि शेवटच्या टाकीतच राहतो, मधल्या फेऱ्यांत तो आपोआप कटतो. एका फेरीवर पगार कापणारे तुम्ही, आणि चोर तो?

हिशेबनीस: पाच फेऱ्या होईपर्यंत टाकीत चोरीचा पाइप पडलेला असतो. शिवाय 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा. इंजिन चालू ठेवून झोपतात, तासाला दोनेक लिटर. आठ तासांच्या हाल्टिंगला सोळा लिटर कोण भरणार?

स्टेअरिंग_आधी: विदर्भाच्या मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये तुम्ही झोपून दाखवा, मग विचारा. आणि जीपीएसला इग्निशनची वायर जोडली आहे का? बॅटरीच्या दोनच वायर असतील तर इंजिन चालू की बंद, देवालाच माहीत.

पोच_कुठंय: धागा टाकीत बुडाला. करिअरचं बोला की! बिल अडतं ते पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याच्या सही-शिक्क्याच्या कागदावर. गाडीच्या दाराचा सील नंबर बिल्टीशी (मालासोबतच्या पावतीशी) ताडायचा, सील माल घेणाऱ्या पार्टीच्या माणसासमोरच तोडायचं, सहीआधी मालाचा फोटो. "2 नग ओले" असा शेरा ड्रायव्हरने न वाचता आणला, की मालकाचं भाडं कापलं जातं. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर भागत नाही, बऱ्याच पार्ट्या शिक्क्याची मूळ प्रत मागतात. डॉकवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी, वर्षभर हे शिकलेला पोरगा ट्रॅफिकला (गाड्या लावण्याच्या कामाला) जातो, मग भाड्याच्या दरांवर बसतो. फोनलाच चिकटलेला मात्र मुनीमच राहतो. कालचे महाशय तेवढ्यापुरते बरोबर.

कोरी_बिल्टी: "तेवढ्यापुरते" शब्द नोंदवून ठेवतो. बारा तासांवर मात्र बोलणं खुंटलं. जोडीला दुसरा ड्रायव्हर, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोच.

हिशेबनीस: बरं, पाच फेऱ्या. पण पंप ठरलेले, नोझल पहिल्या कटला बंद. गाडी हलवली की हिशेब बाद.

स्टेअरिंग_आधी: आणि वायर?

हिशेबनीस: जोडतो हो!