५० मीटर लिहिलेलं घड्याळ डाइव्ह कॉम्प्युटर म्हणून चालेल का?

ओहोटी (प्रश्न)

नमस्कार. ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला कोर्स) करून दोन वर्षं झाली, आतापर्यंत १४ डाइव्ह. स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ पाहून अजून किती मिनिटं थांबता येईल ते सांगणारं यंत्र) अजून घेतलेला नाही, दरवेळी भाड्याने घेते. मागच्या सहलीत शेवटच्या दिवशी भाड्याचाही शिल्लक नव्हता. गाइड म्हणाला, "माझ्याजवळ राहा, माझा आहे ना." दोन डाइव्ह तशाच केल्या. दुसरीत कासव दिसलं आणि मी त्याच्यामागे खाली गेले. नंतर बडीचा (जोडीदार डायव्हरचा) कॉम्प्युटर पाहिला तर गाइड १४ मीटरवर होता तेव्हा आम्ही दोघं १८ वर होतो. काही झालं नाही, पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आता स्वतःचं काहीतरी हवं.

माझ्या हातात रोज स्मार्टवॉच असतं. मागे ५० मीटर कोरलेलं आहे आणि माझी मर्यादा १८ मीटर. मग हेच का चालू नये? पोहण्याच्या तलावात घेऊन उतरले. हवेच्या दाबाचा आकडा खाली जाताना चढत गेला आणि पुरुषभर खोलीच्या आतच एका जागी थांबला, पुढे हलेना. बिघडलं का ते कळत नाही. वर आल्यावर पुन्हा नीट दाखवतं.

आणि हे नसेल चालत, तर डाइव्हिंगची सोय असलेलं स्मार्टवॉच घ्यावं की सरळ साधा डाइव्ह कॉम्प्युटर? रोज वापरता येईल असं एकच उपकरण मिळालं तर मला आवडेल.

तळकाठ

घड्याळ बिघडलेलं नाही. आत जो दाबाचा सेन्सर आहे तो डोंगर चढताना उंची सांगण्यासाठी बसवलेला असतो. समुद्रसपाटीला साधारण १ बार दाब असतो आणि असे सेन्सर १.१ ते १.२५ बारच्या पुढे मोजत नाहीत. पाण्यात दर १० मीटरला १ बार वाढतो, म्हणजे एक-दोन मीटरवरच त्याची पट्टी संपते. तुम्ही पाहिलंत ते नेमकं हेच.

५० मीटर हा आकडा पाणी आत शिरणार नाही एवढंच सांगतो, आणि तेही प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाखाली. रोजच्या घड्याळांची ती चाचणी आयएसओ २२८१० प्रमाणे होते. डाइव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळं आणि कडक मानक आहे. तुमचं घड्याळ पोहायला वापरा, सिलिंडर पाठीवर असताना नको.

सोळा कप्पे

११ वर्षं लोकांना पाण्याखाली घेऊन जातोय. गेली तीन वर्षं एका मनगटावर डाइव्हिंगचं स्मार्टवॉच आणि दुसऱ्यावर जुना कॉम्प्युटर असे दोन्ही बांधून उतरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या गाइडबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. मी स्वतः गाइड आहे म्हणून स्पष्ट सांगतो: माझा कॉम्प्युटर माझ्या शरीराचा हिशेब ठेवतो, तुमच्या नाही. पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात, वर येताना सक्तीचे थांबे न घेता, पहिल्या डाइव्हला १४ मीटरवर ९८ मिनिटं मिळतात, १८ मीटरवर ५६. चार मीटरचा फरक आणि मुभा जवळजवळ निम्मी. आणि तुमची ती त्या दिवशीची दुसरी डाइव्ह होती, म्हणजे ५६ सुद्धा नाहीत. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं तर ती डाइव्ह सोडून द्या. गाइडला वाईट वाटलं तर वाटू दे.

आता यंत्राकडे. डाइव्ह कॉम्प्युटर खोली आणि वेळ दाखवतो हे खरं, पण त्याचं मुख्य काम दाबाखाली श्वासातून शरीरात विरघळणारा नायट्रोजन मोजण्याचं आहे (तो फार साचला आणि घाईने वर आलं तर अंगात बुडबुडे होतात), आणि तोही प्रत्यक्ष मोजत नाही, गणिताने काढतो. १९०८ साली हॉल्डेनने शरीराचे वेगवेगळ्या वेगाने भरणारे आणि रिकामे होणारे पाच कप्पे कल्पून तक्ते केले. झुरिकच्या ब्यूलमानने त्याचे सोळा केले, आणि आज हातात येणाऱ्या बऱ्याच कॉम्प्युटरांत त्याचंच झेडएचएल-१६सी नावाचं गणित चालतं. सगळ्यात जलद कप्पा ४-५ मिनिटांत अर्धा भरतो. सगळ्यात संथ कप्प्याला अर्धं व्हायला ६३५ मिनिटं लागतात. साडेदहा तास! म्हणजे सकाळचा नायट्रोजन रात्री झोपताना सुद्धा पूर्ण गेलेला नसतो आणि चार दिवसांच्या सहलीत तो थोडा थोडा साचत राहतो. कॉम्प्युटरला हे कळायचं तर पहिल्या डाइव्हपासून शेवटच्यापर्यंत तोच तुमच्या हातावर हवा. सोमवारी एक, मंगळवारी भाड्याचा दुसरा, असं केलं तर मंगळवारच्याला सोमवार माहीतच नसतो. तो तुम्हाला ताजीतवानी समजून मिनिटं देतो. घरी जायच्या विमानाचंही तेच. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर किमान १८ तास थांबायचं असतं, आणि घड्याळावरचा 'विमान नको'चा काटा त्याला जेवढ्या डाइव्ह माहीत आहेत तेवढ्यावरच चालतो.

म्हणून स्वतःचा घेताय ते फार चांगलं करताय. घड्याळाच्या रूपात घ्यायचा की नाही हा त्यानंतरचा प्रश्न.

गणितात डाइव्हिंगचं चांगलं स्मार्टवॉच कमी पडत नाही. गार्मिन २०१७ पासून डिसेंट नावाची घड्याळं काढतंय, त्यांत ब्यूलमान आहे आणि ग्रेडियंट फॅक्टर (हिशेब किती कडक ठेवायचा ते ठरवणारे दोन आकडे) बदलता येतात. २०२२ मध्ये ॲपल वॉच अल्ट्रा आलं, त्यात ओशनिक प्लस हे ॲप घातलं की ४० मीटरपर्यंत चालतं. इथे एक गोष्ट नीट वाचा: त्याच घड्याळात आधीपासून असलेलं डेप्थ ॲप फक्त खोली, वेळ आणि पाण्याचं तापमान दाखवतं. त्याला नायट्रोजन कळत नाही. पाण्यात शिरलं की ते आपोआप उघडतं, मोठे सुंदर आकडे दिसतात आणि नवख्याला वाटतं झालं काम. वेष्टनावर ईएन १३३१९ दिसलं तरी तेवढ्यावर जाऊ नका, ते मानक खोली आणि वेळ अचूक आहे का एवढंच तपासतं.

कमी कुठे पडतं ते अनुभवाने सांगतो. पहिलं चार्जिंग. दोन वर्षांपूर्वी एका रात्री मी घड्याळ चार्जरवर ठेवलं, पण ते नीट टेकलंच नव्हतं. सकाळी बोटीवर १९ टक्के. तिसऱ्या डाइव्हला २४ मीटरवर काचेवर अंधार. दुसरा कॉम्प्युटर होता म्हणून शांतपणे डाइव्ह पूर्ण केली. नसता तर तिथेच बडीला खूण करून सावकाश वर, ५ मीटरवर थांबून बाहेर, आणि त्या दिवसापुरतं डायव्हिंग बंद. जुन्या कॉम्प्युटरची बॅटरी मी वर्षातून एकदा बदलतो, घड्याळ मात्र रोज आठवणीने भरावं लागतं.

दुसरं पट्टा, आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. वेटसूटच्या निओप्रीनमध्ये हवेचे बुडबुडे असतात, खाली दाबाने ते आकसतात आणि बाही पातळ होते. वर घट्ट बांधलेला पट्टा २० मीटरवर ढिला होऊन मनगटाभोवती फिरायला लागतो. रोजच्या घड्याळाचे पट्टे दोन बारीक पिनांवर दोन वेगळ्या तुकड्यांत असतात. माझ्या एका विद्यार्थिनीची एक पिन बीसीडी (हवा भरायचं डाइव्हिंगचं जाकीट) चढवताना निसटली आणि घड्याळ बोटीच्या शिडीवरून थेट निळ्यात गेलं. सापडलं नाही. नायलॉनचा घड्याळाखालून जाणारा एकसंध पट्टा घाला, एक पिन गेली तरी ते लटकत राहतं. नाहीतर ताणणारी दोरी.

टचस्क्रीन पाण्याखाली चालत नाही, सगळं बटणांवर करावं लागतं. ते आधी घरी, हातमोजे घालून करून पाहा. ब्लूटूथ पाण्यात काही सेंटीमीटरच्या पुढे पोचत नाही, जीपीएस अजिबात नाही. म्हणून सिलिंडरचा दाब स्मार्टवॉचवर बघायची आशा धरू नका. तसे ट्रान्समीटर असलेली मोजकी मॉडेल आहेत, पण तेव्हाही दाबाचा गेज काढू नका. आणि ॲपमधली डीकंप्रेशनची (नायट्रोजनच्या हिशेबाची) सोय वर्गणीवर असेल तर निघण्यापूर्वी घरी, नेट असताना तारीख बघून घ्या. सहलीच्या मधे अपडेट तर मुळीच नको, काही उपकरणांत त्यानंतर साचलेल्या नायट्रोजनचा हिशेब शून्यावर येतो.

ओहोटी

इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. गाइडबद्दल एक विचारते: तो तर आठवडाभर रोज उतरत होता, म्हणजे त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त नायट्रोजन. मग त्याचा कॉम्प्युटर माझ्यासाठी जास्तच कडक नाही का झाला? आणि तुमच्या दोन मनगटांवर दोन वेगळे आकडे आले तर तुम्ही कुठला पाळता?

सोळा कप्पे

चांगला मुद्दा आहे. सकाळी पहिल्यांदा पाण्यात शिरताना बहुधा तुम्ही म्हणता तसं असतं. पण त्याला ते कासव माहीत नाही. तुम्ही किती खोल आणि किती वेळ होतात, वर किती वेगाने आलात, हे त्याच्या मनगटाला कळत नाही, आणि मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा वेगाने वर आलात तर इशारा त्याच्या नाही, तुमच्या हातावर वाजायला हवा.

आकडे वेगळे येतातच. माझ्या घड्याळाचे ग्रेडियंट फॅक्टर ४०/८५ वर आहेत, जुन्या कॉम्प्युटरचा हिशेब वेगळा. तिसऱ्या डाइव्हला एक ११ मिनिटं दाखवतो, दुसरा ४. मी ४ पाळतो, दरवेळी. आवडीचा आकडा निवडायची सवय लागली की मग दोन बांधण्यात अर्थ नाही.

लाटेआड

माझं थोडं वेगळं मत. सोळा कप्पे यांचं सगळं खरं आहे, पण ते वर्षभर पाण्यात असतात. माझ्यासारखे वर्षातून सहा-सात दिवस उतरणारे बरेच आहेत. माझा साधा कॉम्प्युटर उरलेले अकरा महिने कपाटात पडून असायचा. सहलीला निघताना त्याचे मेनू परत शिकायचे, एकदा बॅटरी संपलेली, एकदा तर घरीच राहिला आणि मग परत भाड्याचा. डाइव्हिंगचं घड्याळ घेतल्यापासून ते रोज हातावर असतं, बटणं बोटांना पाठ आहेत, विसरायचा प्रश्न नाही. नीट ओळखीचं उपकरण पाण्याखाली पटकन वाचता येतं, आणि माझ्या मते हे फार महत्त्वाचं आहे. चार्जिंगचं मान्य. मी चार्जरवर ठेवल्यावर चार्जिंगचं चिन्ह दिसल्याशिवाय खोलीबाहेर पडत नाही.

नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्स पुढे करणार असाल तर एक सवय आत्ताच लावा: प्रत्येक सिलिंडर स्वतः तपासून मग घड्याळात ऑक्सिजनचे टक्के भरायचे. ३२ टक्क्यांवर ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची मर्यादा ३३ मीटरच्या जरा पुढे येते, ३६ ला २९ च्याही आत. घड्याळ 'हवा' वर राहिलं तर खोलीचा इशारा चुकीच्या जागी वाजेल.

ओहोटी

ठरलं. डाइव्हिंगचं घड्याळ घेते, एकसंध पट्ट्यासकट, आणि पहिली सहल भाड्याचा कॉम्प्युटर दुसऱ्या हाताला बांधून करते, दोन्ही पहिल्या डाइव्हपासून. तळ्यात बटणांचा सराव पुढच्या आठवड्यापासून. एक शेवटचं: सेन्सरच्या बारीक भोकांत मीठ बसतं म्हणतात, ते सुईने काढायचं का?

सोळा कप्पे

सुई, टाचणी, टूथपिक काहीही आत घालू नका, मागचा पातळ पडदा फाटेल. हवेचा फवाराही नको. डाइव्ह झाली की मीठ वाळायच्या आत गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, अर्धा तास तरी, आणि मधून पाण्यातच हलवा. वाळून बसलंच तर कोमट पाण्यात रात्रभर. दुसऱ्या दिवशी बोटीवर कोरडं असताना खोली शून्य दाखवतंय ना ते बघा. नसेल दाखवत तर ते घड्याळ त्या दिवशी बॅगेत.