बागेच्या गेटवर हा बोर्ड कोणी लावला?

कुळकर्णी मॅडम (ए-३०२): समोरच्या बागेच्या गेटवर सकाळी बोर्ड दिसला. 'बागेत सभा, बैठक, सामूहिक वाचन करण्यास सक्त मनाई.' रविवारचं आपलं संविधान वाचन बंद व्हावं म्हणूनच ना? तक्रार केली असेल त्यांनी समोर यावं.

बोरकर काका (बी-१०१): नमस्कार. तक्रार मी केली, लपवायचं काय त्यात? बाग फिरायला आहे. आणि तुमचं वाचन झाल्यावर चहाचे कप कोण उचलणार?

वानखेडे (सी-२०४): काका, मागच्या मीटिंगपासूनचा राग दिसतो हा.

रोशन (डी विंग): काहून भांडून राहिले बे सकाळी सकाळी

राऊत ताई: रोशन, ग्रुपवर मोठी माणसं आहेत. 'बे' नको.

रोशन (डी विंग): सॉरी ताई

मेश्राम सर (ए-१०४): बोरकर साहेब, बाग फक्त फिरायला, हे लंडनमध्येही म्हणून झालं आहे. जुलै १८६६. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या रिफॉर्म लीगने हाइड पार्कात सभा ठेवली. गृहमंत्री वॉलपोल यांनी मनाई केली, दारं लावून घेतली. लीगचे अध्यक्ष बील्स दारावरून परत फिरले आणि ट्रॅफल्गर चौकाकडे गेले. मागे राहिलेल्या गर्दीच्या रेट्याने लोखंडी कठडे पडले, लोक आत शिरले. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मनाई झाली, सभा तरीही झाली, आणि राजीनामा वॉलपोल यांना द्यावा लागला. १८७२ मध्ये उद्यानांचा कायदा आला, तिथे नियमाने सभा घेता येऊ लागल्या. कोणीही उभं राहून भाषण करू शकतो तो स्पीकर्स कॉर्नर आपण ऐकून आहोत, तो याच हाइड पार्कातला.

बोरकर काका (बी-१०१): लंडनचं नागपुरात कशाला? कप कोण उचलणार ते सांगा.

मेश्राम सर (ए-१०४): मग नागपूरचं घ्या. १९२३ चा झेंडा सत्याग्रह. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीत, शिरायला बंदी होती. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या निघत आणि अटक होत. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली. आज आपण तिथून गाडीने जातो तेव्हा कोणी अडवत नाही.

देशपांडे (बी-४०३): सर, तो रस्ता होता. बाग नव्हे.

मेश्राम सर (ए-१०४): बरोबर, रस्ताच होता. वाद मात्र तोच. जागा सगळ्यांची असेल तर तिथे कोणी जमायचं हे एकट्याने ठरवायचं का?

रोशन (डी विंग): कस्तुरचंद पार्कवर घ्या ना वाचन, तिथं जमिनीतून जुन्या तोफा पण निघाल्या होत्या, बंदोबस्त आपोआप

सेक्रेटरी: उद्या टाकी साफ होणार. पाणी भरून ठेवावे.

बोरकर काका (बी-१०१): गर्दी म्हटली की धोका येतोच. १९९४ विसरले का सगळे? इथेच मोर्चात गोवारी समाजाचे ११४ जीव गेले.

वानखेडे (सी-२०४): काका, ते नाव या भांडणात आणू नका. ते लोक अनुसूचित जमातीची मागणी घेऊन अधिवेशनावर आले होते. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवून ठेवलं, लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत बायका-लेकरं गेली. ते जमले हा त्यांचा दोष होता का?

बोरकर काका (बी-१०१): नसतं माझ्या तोंडी घालू नका. मी काळजीने बोललो.

राऊत ताई: दोघंही थांबा जरा. झीरो माइलजवळच्या स्मारकावरून रोज जातो आपण.

खोब्रागडे वकील ताई (सी-३०१): मी कोर्टात होते, आता वाचलं. कलम १९(१)(ख) प्रमाणे शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हेही खरं. अहमदाबादच्या हिंमतलाल शाह खटल्यात १९७२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावरच्या सभेसाठी नियम करा, पण परवानगी देणाऱ्याच्या मर्जीवर सगळं सोडू नका. म्हणजे वेळ ठरवा, भोंगा बंद ठेवा, कचऱ्याची अट घाला. सरसकट 'सक्त मनाई' मला पटत नाही. बोर्डावर सही किंवा जावक क्रमांक आहे का?

कुळकर्णी मॅडम (ए-३०२): काहीच नाही ताई. फोटो टाकते.

देशपांडे (बी-४०३): मग आदेश कोणाचा?

बोरकर काका (बी-१०१): मी फक्त तोंडी सांगितलं होतं. बोर्ड मी रंगवला नाही. कपांचा प्रश्न तसाच आहे.

मेश्राम सर (ए-१०४): कप मी उचलीन साहेब, पिशवी घेऊन येईन. पण येत्या रविवारी आम्ही बसणार.

कुळकर्णी मॅडम (ए-३०२): अर्ज मी लिहिते. हा आदेश कोणत्या नियमाखाली निघाला, एवढंच विचारायचं. संध्याकाळी ए विंगच्या पार्किंगमध्ये सह्या घेईन. बोरकर काका, वेळेची आणि स्वच्छतेची अट तुम्हीच सुचवा, अर्जात तुमच्या नावाने टाकते.

बोरकर काका (बी-१०१): सात ते साडेआठ. झोक्यांजवळ बसायचं नाही. कप स्टीलचे आणा.

वानखेडे (सी-२०४): मान्य.

राऊत ताई: सेक्रेटरी साहेब, पाणी किती वाजता बंद?

सेक्रेटरी: ११ ते ४.