मदत हवी आहे : मराठी ई-पुस्तकाचा नमुना लोक वाचतात, पण विकत घेत नाहीत

नमस्कार मंडळी,

किंडलवर स्वतः प्रकाशित केलेला मराठी कथासंग्रह, किंमत ९९ रुपये. पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये (ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेतली, ई-पुस्तक फक्त किंडलवर ठेवण्याची योजना) आहे, कारण त्याशिवाय भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी मिळत नाही, ३५च मिळते. त्या बदल्यात ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे ठेवता येत नाही. या ९० दिवसांत पुस्तक मोफत देण्यासाठी मिळणारे पाचही दिवस सलग वापरून झाले. डाउनलोड झाले, पण सहाव्या दिवसापासून विक्री शून्य.

खरी अडचण मला फुकट दिसणाऱ्या नमुन्यात वाटते. सुरुवातीच्या साधारण दहा टक्के पानांत अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि दोन प्रस्तावनाच येतात; पहिली कथा तीन वाक्यांवर तुटते. वाचक तिथूनच परत जाणार! हे सगळं शेवटी टाकायचं ठरवलं आहे. पण प्रस्तावना लिहून देणाऱ्या ज्येष्ठांना न दुखावता हे कसं सांगता?

मुखपृष्ठाचंही तेच. मोबाइलवर ते बोटाच्या पेराएवढं दिसतं आणि बारीक सुलेखनातल्या वेलांट्या-मात्रा गायब होतात. जाड, सरळ अक्षर घेतलं तर कोणता फॉन्ट चालतो?

केडीपीवर पुस्तकाची माहिती भरताना शोधशब्दांच्या सात चौकटी असतात. बरेच वाचक रोमन लिपीत मराठी टाइप करून शोधतात, म्हणून चार रोमन आणि तीन देवनागरी अशी वाटणी करावी का? शीर्षकातले शब्द तिथे पुन्हा भरलेले नाहीत.

आणि पुढच्या ९० दिवसांत मोफतचे दिवस सुटे, शनिवार-रविवारी वापरले तर फरक पडतो का? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी आकड्यांसकट सांगा, प्लीज.