पोलिसांनी ग्राहकाची माहिती मागितली, द्यावी का?

प्रश्न: ऑनलाइन विक्री करणाऱ्या छोट्या कंपनीला पोलिसांचा ईमेल आलाय: अमुक ग्राहकाचा पत्ता, मोबाइल, ऑर्डरी द्या. देणं बंधनकारक आहे?

उत्तर १: हो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ९४ खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढू शकतो, ईमेलनेही. गुन्हा क्रमांक, कलम, हुद्दा बघा. जीमेलवरून आलं असेल तर ठाण्यात फोन करून पडताळा. नंबर मात्र पत्रातला घेऊ नका. मागितलं तेवढंच द्या. अख्खी एक्सेल शीट पाठवली की इतर ग्राहकांचे पत्तेही जातात, हे फार वाईट.

उत्तर २: भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना जोडायचं, प्रमाणपत्रही लागेल: भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा. त्यात फाइलचा हॅश (फाइलमधल्या डेटावरून संगणकाने काढलेला, बोटाच्या ठशासारखा कोड) लिहायचा. तो पाठवण्याआधीच काढा. फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली की हॅश बहुधा जुळत नाही.