पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम: निर्मात्याने घडवलेला की छाटलेला?

उत्तररात्र (धागालेखक)

पिंक फ्लॉइडचा ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ हा पहिला अल्बम ऑगस्ट १९६७ मध्ये आला. स्पेस रॉकची, म्हणजे अंतराळाचा भास देणाऱ्या लांबलचक, प्रतिध्वनीमय रॉक संगीताची, वंशावळ सांगणारे बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. अल्बम मला मनापासून आवडतो. तरीही तो ऐकताना वाटत राहते, की लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये ज्या बँडसाठी लोक रात्री जागवत होते, तो ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ॲबी रोड स्टुडिओत अर्धाच पोहोचला. रंगमंचावर हे चौघे एकेक रचना वाटेल तेवढी लांबवत असत. बँडचा मुख्य गीतकार-गायक सिड बॅरेट याची गिटार बिन्सन एकोरेक या प्रतिध्वनी यंत्राच्या आवाजात फिरत फिरत मूळ सुरावटीपासून इतकी दूर जाई, की परतीची वाट ऐकणाऱ्यालाच शोधावी लागे. बीटल्सचे ध्वनिअभियंते म्हणून नावाजलेले नॉर्मन स्मिथ निर्माते म्हणून आले आणि या ऐसपैस पसाऱ्याची त्यांनी तीन-चार मिनिटांची नेटकी गाणी केली.

पुरावा हवा असेल, तर ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ घ्या. जानेवारी १९६७ मध्ये चेल्सीतील साउंड टेक्निक्स स्टुडिओत, एका माहितीपटासाठी त्यांनी ही रचना वाजवली, ती जवळजवळ सतरा मिनिटांची आहे. अल्बमवर ती पावणेदहा मिनिटांच्या आत आटोपते. ‘आर्नल्ड लेन’ हे पहिले सिंगलही (अल्बमहून वेगळी, सुटी विकली जाणारी गाण्याची तबकडी) निर्माते जो बॉइड यांच्या देखरेखीखाली साउंड टेक्निक्समध्येच झाले होते. पण करार झाल्यावर ईएमआयने निर्माता आपला आणि स्टुडिओही आपलाच असा आग्रह धरला आणि बॉइड बाजूला पडले. गंमत अशी, की पुढे ‘सी एमिली प्ले’च्या वेळी पहिल्या सिंगलसारखा आवाज ॲबी रोडवर जमेना, तेव्हा खुद्द स्मिथ यांनाच बँडला घेऊन साउंड टेक्निक्समध्ये जावे लागले. एवढी एक गोष्टच पुरेशी बोलकी आहे. स्पेस रॉकचे मुख्य भांडवल वेळ आहे, आणि या अल्बमच्या निर्मितीत काटछाट झाली ती वेळेचीच.

ध्वनिवेडा

असहमत. लांबी म्हणजेच अवकाश, असे तुम्ही गृहीत धरले आहे आणि तिथेच मतभेद सुरू होतो. ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ अल्बमवर सव्वाचार मिनिटांच्या आतबाहेर आहे. सुरुवातीला व्यवस्थापक पीटर जेनर भोंग्यातून ग्रहताऱ्यांची नावे वाचतात, ती दूरच्या एखाद्या प्रसारणासारखी अस्पष्ट ऐकू येतात, आणि मग तारायंत्रासारखी टकटक करत वाद्ये आत येतात. खोली, अंतर, पोकळी हे सगळे पहिल्या अर्ध्या मिनिटात उभे राहते. ते वाजवण्याच्या लांबीतून आलेले नाही. कोणता आवाज कानाजवळ ठेवायचा आणि कोणता लांब ढकलायचा, या निर्णयातून आलेले आहे, आणि तो निर्णय मिश्रणाच्या (मिक्सिंगच्या) टेबलापाशी होतो.

आता तुमच्याच उदाहरणाकडे वळतो. अल्बमवरचे ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ ही सतरा मिनिटांची कापून लहान केलेली प्रत नाही. बँडने ती रचना ॲबी रोडवर स्वतंत्रपणे वाजवली आणि नंतर तिच्यावर दुसरे संपूर्ण वादन चढवले. हेडफोन लावून मधला भाग ऐका. एक गिटार खरवडत पुढे जाते, तेवढ्यात दुसरी तिला न जुमानता भलतेच काही सुरू करते. एकाच बँडच्या दोन वेगवेगळ्या वेळच्या मनःस्थिती एकाच क्षणी ऐकू येतात. क्लबमध्ये चार माणसे हे करूच शकत नाहीत, कारण तिथे आठ हात असतात आणि इथे सोळा आहेत. शेवटी स्टिरिओ मिश्रणात आवाज डावीकडून उजवीकडे असा झोके घेतो, की खुर्चीत बसूनही तोल जातो.

शिवाय ही सगळी कामगिरी चार ट्रॅकच्या, म्हणजे एका फितीवर चारच आवाज वेगवेगळे मुद्रित करणाऱ्या, यंत्रांवर झाली आहे. चार ट्रॅकवर आवाज वाढवायचे, तर आधी मुद्रित झालेले ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावे लागतात. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते, आणि एकदा एकत्र झालेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. अशा व्यवस्थेत ‘आधी भरपूर वाजवून ठेवू, नंतर पाहू’ ही चैन परवडत नाही. काय हवे ते आधी ठरवणारा माणूस लागतो, आणि स्मिथ यांनी ही विद्या याच इमारतीत वर्षानुवर्षे काम करून कमावली होती. आवाज आपोआप दुहेरी करण्याची जी युक्ती ईएमआयच्या केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये काढली, ती आणि तिथल्या प्रतिध्वनी खोल्या या बँडला आयत्या मिळाल्या.

अवांतर: ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’मधला ढोलाचा एक घुमारा बँडचे ड्रमवादक निक मेसन यांना मनासारखा जमेना, तेव्हा तो स्मिथ यांनीच वाजवला. कात्री घेऊन बसलेला माणूस असे काही करील, असे वाटत नाही.

चौथामजला

दोघांनीही कोणते मिश्रण ऐकले, हे आधी सांगायला हवे. त्या काळी ब्रिटनमध्ये मोनो, म्हणजे डावे-उजवे न करता सगळा आवाज एकत्र देणाऱ्या, मिश्रणालाच जास्त महत्त्व होते. ध्वनिवेडा ज्या झोक्यांवर फिदा आहेत, ते मोनोमध्ये असणे शक्यच नाही, आणि मोनोमध्ये रचनेचा धक्का मात्र अधिक भरीव लागतो. २००७ च्या चाळीस वर्षांनिमित्तच्या आवृत्तीत दोन्ही मिश्रणे आहेत. शेजारी ठेवून ऐकली, तर दोन वेगळे अल्बम वाटतात.

उत्तररात्र

मोनोचा मुद्दा रास्त आहे, पण मूळ प्रश्न त्यामुळे सुटत नाही. ध्वनिवेडा, तुम्ही सांगितलेली सोळा हातांची करामत मान्य केली, तरी ती अकरांपैकी एका रचनेत आहे. उरलेल्या अल्बमवर ‘द नोम’ (बुटका), ‘द स्केअरक्रो’ (बुजगावणे) अशी दोन-सव्वादोन मिनिटांची गाणी आहेत. ती गोड आहेत, पण क्लबमध्ये लोक त्यांच्यासाठी जमत नव्हते. ईएमआयला सिंगल विकायचे होते आणि निवड त्या हिशेबाने झाली, असे मानायला भरपूर जागा आहे. याच हिशेबाचे टोक अमेरिकेत दिसते. तिथल्या टॉवर कंपनीने ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’, ‘फ्लेमिंग’ आणि ‘बाइक’ काढून टाकले आणि सुरुवातीला ‘सी एमिली प्ले’ आणून बसवले. ज्या सव्वाचार मिनिटांची तुम्ही एवढी भलामण केली, तीच तिथल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली नाहीत!

तुलनेसाठी हॉकविंड हा दुसरा स्पेस रॉक बँड पाहा. १९७२ च्या शरदात त्यांनी वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत ‘दोरेमी फासोल लातिदो’ हा अल्बम केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिव्हरपूल व लंडनच्या कार्यक्रमांत ‘स्पेस रिच्युअल’ मुद्रित केला. आज रसिक ज्याचे नाव आधी घेतात, तो कार्यक्रमातला अल्बम आहे. हा प्रकार स्टुडिओच्या काचेआड गुदमरतो, असे म्हणायला याहून चांगला दाखला कोणता?

ध्वनिवेडा

हा दाखला तुमच्यावरच उलटतो. ‘दोरेमी’ची निर्मिती बँडने स्वतः केली, तिथे कोणी नॉर्मन स्मिथ नव्हता, आणि वेळेलाही कोणी आडकाठी केली नाही. ‘ब्रेनस्टॉर्म’ त्यावर साडेअकरा मिनिटांच्या आसपास चालते. परिणाम काय झाला? लेमी यांचे बास, डेव्ह ब्रॉक यांची गिटार आणि मागचे ध्वनिजनित्र असे सगळे एकमेकांत मिसळून गढूळ झाले आहे. मला तो गढूळपणा काही अंशी आवडतो, पण त्याला अवकाश म्हणणे कठीण आहे. आवाजांमध्ये अंतरच उरलेले नाही. लेमी मुळात गिटारवादक असल्याने बासवरही सुरांचे जुडगे वाजवत आणि गिटारच्या पट्ट्यातच शिरत. अशा वेळी कोणाला मागे सारायचे, हे सांगणारा तिऱ्हाईत माणूस हवाच होता.

आणि ज्या कार्यक्रमातल्या अल्बमला तुम्ही मुक्त समजता, त्यावर तेच ‘ब्रेनस्टॉर्म’ सव्वानऊ मिनिटांच्या आसपास आहे, कारण ते तबकडीसाठी कापावे लागले. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटे नीट मावतात. त्याहून जास्त भरले, तर खाचा बारीक होतात आणि आवाजाची पातळी उतरते. ही कात्री निर्मात्याची नसून माध्यमाची आहे, आणि ती कार्यक्रमालाही सोडत नाही.

पाणचक्की

मी मुख्यतः ध्वनिवेडा यांच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. अकरांपैकी आठ गाणी एकट्या बॅरेटची आहेत, आणि ती लहान आहेत कारण त्याने ती लहानच लिहिली. नोम आणि बुजगावणे त्याच्याच डोक्यातून आले. नॉर्मन स्मिथ यांनी ते आणून बसवले नाहीत. या बँडमध्ये सुरुवातीपासून दोन बँड होते. एक रात्री लांबच लांब भटकणारा होता आणि दुसरा बालगीतांच्या वळणाची विचित्र गाणी रचणारा. ‘बाइक’ ऐकून पाहा: साधेसुधे गाणे संपते आणि पुढे घड्याळे, घंटा आणि बदकांच्या कलकलाटासारखे फिरत राहणारे हसू अशी एक खोली उघडते. दोन्ही बँड तिथे एका दारातून आत आलेले दिसतात. स्टुडिओ नसता, तर ते दार कुठून येणार होते?

उत्तररात्र

पाणचक्की, दोन बँडांची कल्पना मला पटते. किंबहुना माझी तक्रार तीच आहे, की त्यांपैकी एकाला झुकते माप मिळाले. तबकडीच्या मर्यादेचे म्हणाल, तर ती सर्वांनाच सारखी होती. वीस मिनिटांच्या बाजूवर सतरा मिनिटांची एक रचना बसते. ती बसवायची की नाही, हा निर्णय माणसे घेतात.

ध्वनिवेडा

मग पुढच्याच वर्षाचे काय करायचे? १९६८ च्या ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’चे निर्माते पुन्हा नॉर्मन स्मिथच होते, आणि शीर्षकाची रचना सुमारे बारा मिनिटांची आहे. तिच्यात गाणे म्हणावे असे शब्द नाहीत, ताल मध्येच कोसळतो, आणि शेवटाकडे शब्दांविना गायन येते. दोष त्यांच्या कात्रीचा असता, तर ही रचना त्यांच्या हातून सुटली नसती.

उत्तररात्र

ती सुटली, पण कोणत्या वाटेने, तेही पाहा. तोवर बॅरेट जवळजवळ बाहेर पडला होता. बासवादक रॉजर वॉटर्स आणि मेसन हे दोघेही वास्तुरचनेचे (आर्किटेक्चरचे) विद्यार्थी. त्यांनी ही रचना आधी कागदावर इमारतीच्या नकाशासारखी आखली, कोणता भाग कुठे चढतो आणि कुठे उतरतो हे आकृत्यांनी दाखवले, आणि मग ती भागाभागाने वाजवली. लांबी परत आली, हे मी मान्य करतो. यूएफओ क्लबमध्ये मात्र पुढच्या मिनिटाला काय होणार, हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसे, आणि त्या प्रकारचे वादन ईएमआयच्या स्टुडिओत सबंध एका बाजूभर कोणी मुद्रित करून घेतले नाही.