साथीच्या काळात गायक-वादकांचे काम काय असते?

प्रश्न
२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आम्ही सगळे गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवत होतो, आणि पुढचे कित्येक महिने मोबाइलवर मैफली ऐकून काढले. साथ पसरलेली असताना संगीत हा केवळ विरंगुळा असतो, की गायक-वादकांच्या वाट्याला खरोखर काही काम येते? नेमकी उदाहरणे माहीत असल्यास कृपया लिहावीत.

प्रतिसाद १
इटलीतील मिलान शहरात १५७६ साली प्लेग आला, तेव्हा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी आधी प्रार्थनेच्या मिरवणुका काढल्या. पुढे लोकांना घराबाहेर पडण्यास मनाई झाल्यावर दिवसातून सात वेळा घंटा वाजू लागली आणि लोक आपापल्या दारा-खिडक्यांत उभे राहून एकमेकांना प्रतिसाद देत प्रार्थना गाऊ लागले.

प्रतिसाद २
इबोलाच्या साथीत, २०१४ मध्ये, पश्चिम आफ्रिकेत अफवांमुळे अनेक कुटुंबे आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला धजत नव्हती. सालिफ केता, उमू सांगारे, टिकेन जाह फाकोली यांच्यासारख्या नामवंतांनी तेव्हा फ्रेंचमध्ये आणि तिथल्या भाषांमध्ये एकत्र गाऊन डॉक्टरांवर विश्वास ठेवा, आजाऱ्याला स्पर्श करू नका, असे सांगितले. जिथे पत्रक वाचले जात नाही तिथेही गाणे पोहोचते, म्हणून मी याला विरंगुळा म्हणणार नाही.

प्रतिसाद ३
वरची दोन्ही उदाहरणे मोलाची आहेत. परंतु ज्यांची कला माणसे जमल्याशिवाय उभीच राहत नाही, त्यांचे काय झाले, हेही येथे नोंदले जावे असे मला मनापासून वाटते. जुन्नर तालुक्यातील नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन चैत्र-वैशाखातील जत्रांच्या सुपाऱ्या देतात. कलावंतांना उचल देण्यासाठी फडमालकाने काढलेले कर्ज याच सुपाऱ्यांतून फिटते. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरातील टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. पुढच्या वर्षीचा पाडवाही दुसऱ्या लाटेत सापडला, म्हणजे लागोपाठ दोन हंगाम बुडाले.

आमच्या गावातील एक ढोलकीवादक त्या उन्हाळ्यात कांदे काढायला रोजंदारीवर जात होते. संध्याकाळी ओट्यावर बसून ते ढोलकीच्या कड्या सारून सूर लावत, दोन-चार तोडे वाजवत आणि ती पुन्हा गोधडीत गुंडाळून ठेवत. शेजारची पोरे लांब, अंतर राखून बसलेली असत. आम्ही त्यांचे वादन रोज ऐकले. मात्र बिदागी द्यावी, हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही.